काय जेवलीस?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज एस्प्लनेडच्या या सभागृहात जमलो आहोत, त्यांना त्यांच्या शाळेत, भवानीपूरच्या गल्लीत आणि इथल्या मराठी घरांत सगळे नुसतं 'बाई' म्हणत. मीही आज तेच म्हणणार आहे.

मी १९८५ साली नागपूरहून कोलकात्याला आले ती आहारशास्त्र शिकायला. इथून उत्तरेकडे, चित्तरंजन अव्हेन्यूवर, अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था आहे. ३० डिसेंबर १९३२ रोजी ती सुरू झाली. तिथले वर्ग सुटले की मी चालत एस्प्लनेडला यायचे आणि इथून भुयारी रेल्वेने भवानीपूरला जायचे. देशातली ती पहिली भुयारी रेल्वे आदल्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १९८४ रोजी, याच दोन स्थानकांच्या दरम्यान धावू लागली होती. भवानीपूरला उतरलं की पाच मिनिटांवर बाईंचं घर. परक्या गावात आलेल्या मुलीला दार उघडं असलेलं एक घर मिळालं, की तिचं शिक्षण पुरं होतं. माझं तसंच झालं.

दारात पाऊल टाकलं की बाई एक प्रश्न विचारत. आपल्याकडे पाहुण्याला आणि लेकराला विचारायचा प्रश्न ठरलेला आहे: 'जेवलीस का?' त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. मुलगी 'हो' म्हणते, आई निश्चिंत होते, विषय संपतो. बाई कधी 'जेवलीस का' म्हणाल्या नाहीत. त्या विचारत, 'काय जेवलीस?' या प्रश्नाला 'हो' म्हणून सुटता येत नाही. आठवावं लागतं, सांगावं लागतं आणि सांगता सांगता आपल्याच ताटात काय नव्हतं ते आपल्याला ऐकू येतं. आजचं माझं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाविषयी आहे.

माझ्या शास्त्राचा पहिला प्रश्नही नेमका हाच आहे. आहार-सर्वेक्षण करायचं म्हणजे मुलीसमोर बसायचं आणि काल सकाळी उठल्यापासून आज सकाळी उठेपर्यंत तिच्या पोटात काय काय गेलं ते एकेक करून विचारायचं. सोबत मोजलेल्या वाट्या, डाव, चमचे, पेले असतात. भात किती, तर या वाटीने दोन. डाळ घट्ट की पातळ, भाजीला तेल किती, चहात दूध होतं का, हे सगळं विचारायचं. मग शिजलेल्या अन्नावरून कच्च्या धान्याचं वजन काढायचं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अन्नघटकांच्या तक्त्यांवरून प्रथिनं, लोह, कॅल्शियम यांचा हिशेब मांडायचा. काम किचकट वाटलं तरी त्याचा आत्मा साधा आहे: एका माणसाने दुसऱ्याला 'काय जेवलीस?' असं विचारणं आणि उत्तर संपेपर्यंत ऐकत बसणं.

गेल्या हिवाळ्यात या शहरातल्या एका शाळेत मी नववीतल्या मुलींना असंच विचारत होते. एक मुलगी दक्षिण चोवीस परगण्यातून लोकलने यायची. सकाळी बिनदुधाचा चहा, ज्याला इथे 'लिकर चा' म्हणतात, आणि दोन बिस्किटं. दुपारी काही नाही. चार वाजता शाळा सुटल्यावर कागदी पुडीभर झालमुडी, म्हणजे मसालेदार मुरमुरे. रात्री भात, पातळ मसूर डाळ आणि बटाट्याची भाजी. मी विचारलं, "माछ?" ती म्हणाली, "रविवारी." "तुला किती?" तिने जरा थांबून सांगितलं, "झोल." म्हणजे माशाचा रस. तुकडा दादाला आणि बाबांना. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो हे आपण जसं सांगतो, तसं तिने ते सांगितलं.

रात्री हिशेब केला. उष्मांक गरजेच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास भरत होते, लोह निम्म्यालाही पोचत नव्हतं आणि कॅल्शियम पाव हिश्श्याच्या घरात होतं. तिच्या आईने तिला विचारलं असेल, 'जेवलीस का?' आणि ती खरंच जेवली होती.

या वयाची गरज किती असते, ते आधी सांगते. दहा ते एकोणीस हे वय म्हणजे शरीराचा दुसरा पाया. प्रौढ माणसाच्या उंचीचा पंधरा-वीस टक्के भाग आणि वजनाचा जवळजवळ निम्मा भाग या काळात मिळवला जातो. हाडांची पेढी याच वर्षांत भरायची असते. पुढे आयुष्यभर त्या ठेवीतून काढतच राहायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली आहाराची जी प्रमाणं ठरवून दिली, त्यांनुसार तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० किलोकॅलरी, ४३ ग्रॅम प्रथिनं, १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३० मिलिग्रॅम लोह लागतं. तिच्याच वयाच्या मुलाला लोह लागतं २२ मिलिग्रॅम. तिच्या वडिलांना लागतं १९. म्हणजे घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला वडिलांपेक्षा दीडपट लोह हवं. आता आपापल्या घरचं ताट डोळ्यांपुढे आणा. सगळ्यात आधी आणि सगळ्यात भरलेलं ताट कुणापुढे जातं? लोहाची वाटणी आपण गरजेच्या उलट्या क्रमाने करत आलो आहोत.

मुलीला जास्त लोह का लागतं, याचाही हिशेब ऐका, कारण तो कुणी मुलींना सांगत नाही. पाळीत सरासरी तीस ते चाळीस मिलिलिटर रक्त जातं. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे महिन्याला पंधरा-वीस मिलिग्रॅम, दिवसाला अर्ध्याहून थोडं जास्त. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण आपल्या भात-पोळी-डाळीच्या जेवणातलं लोह शरीर फार थोडं उचलतं, शंभरातले जेमतेम आठ भाग. म्हणून रक्तातला तो अर्धा मिलिग्रॅम भरून काढायला ताटात सहा-सात मिलिग्रॅम जास्तीचं लोह पडावं लागतं. त्यावर वाढत्या अंगाची, वाढत्या रक्ताची मागणी वेगळीच. ही सगळी मागणी दोन-तीन वर्षांतच येते, आणि तेव्हाच घर मुलीला म्हणू लागतं, 'आता तू मोठी झालीस.' मोठं होणं म्हणजे शेवटी जेवणं, असा अर्थ ती आईकडे बघून आपोआप शिकते.

परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पंधरा ते एकोणीस वयाच्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५४.१ होतं. पश्चिम बंगालमध्ये ते ७०.८ होतं आणि आपल्या महाराष्ट्रात ५७.२. याच वयाच्या मुलग्यांत देशभराचं प्रमाण ३१.१. यावर काही तज्ज्ञांचा आक्षेप आहे की बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर केलेली तपासणी आकडा फुगवते. आक्षेपात तथ्य आहे. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं होतं आणि तिथे दहा ते एकोणीस वयाच्या मुलींत ४० टक्के तर मुलग्यांत १८ टक्के रक्तक्षय निघाला. दोन सर्वेक्षणांचे वयोगट वेगळे, सुया वेगळ्या, आकडेही वेगळे. एक गोष्ट मात्र दोघांत सारखी आहे: मुलींचं प्रमाण मुलग्यांच्या सुमारे दुप्पट. कोणती पद्धत बरोबर यावर वाद घालायला वेळ पुष्कळ आहे. त्या दुपटीवर वाद नाही.

कोलकात्याच्या श्रोत्यांना इथे एक प्रश्न पडेल, पडलाच पाहिजे. बंगाल मासे खाणारा प्रांत. माशात उत्तम प्रथिनं असतात, सहज शोषलं जाणारं लोह असतं, ब-१२ असतं. मौरला, पुंटी यांसारखे छोटे मासे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळतं, आणि मौरला तर अ जीवनसत्त्वाचा खजिना आहे. शाकही इथे किती प्रकारचं: लाल शाक, कोलमी, पुंई, कचू. मग दहातल्या सात मुली फिकट का? कारणं अनेक आहेत. पोटातले जंत आहेत, हिवताप आहे, थॅलेसेमियाचे वाहक या भागात कमी नाहीत, आणि मासा महाग झाला आहे. पण त्या मुलीचं एका शब्दाचं उत्तर मला विसरता येत नाही. मासा घरात येणं वेगळं आणि मुलीच्या ताटात येणं वेगळं.

ही वाटणी विद्वानांच्या नजरेतून सुटलेली नाही. अमर्त्य सेन आणि सुनील सेनगुप्त यांनी बीरभूममधल्या दोन गावांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं अभ्यासून १९८३ साली लिहिलं, की त्या वयातसुद्धा मुलींचं पोषण मुलग्यांच्या मागे आहे. ज्या सेनांनी १९४३ च्या दुष्काळाचा अर्थ जगाला समजावून दिला, त्यांनीच पुढे एकेका घरातल्या ताटांकडे बघायला शिकवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. दुष्काळ दिसतो. आपण बसलो आहोत त्याच्या आसपासच्या फुटपाथांवर त्या वर्षी खेड्यांतून आलेली माणसं दारोदार भात नव्हे, 'फ्यान' मागत होती, म्हणजे भाताची पेज. त्या दुष्काळाची आठवण बंगालने जपली. घरातली भूक मात्र दिसत नाही. ती जेवलेली असते, केस विंचरलेली असते, वह्या घेऊन लोकलमध्ये उभी असते. जिना चढताना तिला धाप लागते, तिसऱ्या तासाला तिचं डोकं दुखतं, आणि लोक म्हणतात, मुलगी जरा मंद आहे.

महाराष्ट्रात याहून वेगळं चित्र नाही. बीडकडची ऊसतोडणी कामगारांची मुलगी आठवा. दिवाळीनंतर आई-वडील कोयता घेऊन कारखान्याच्या फडात जातात. तेरा-चौदा वर्षांची मुलगी सोबत गेली तर कोपीत भाकरी थापते आणि धाकट्यांना सांभाळते. गावी राहिली तर आजीच्या हाताखाली घर चालवते. दोन्हीकडे ती वाढणारी आहे. आपल्या भाषेत 'वाढणे' हा शब्द दोन अर्थांनी येतो, अंगाने वाढणे आणि ताटात वाढणे. किशोरवयात हे दोन्ही अर्थ एकाच मुलीच्या अंगावर येतात, आणि दुसरं काम पहिल्याचा घास घेतं.

आता मला मुंबईकडे आणि पुण्याकडे जायचं आहे, कारण या विषयाची मोठी शिकवण मराठी मुलखात झाली आहे.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक वेगळाच, जीवघेणा रक्तक्षय होत होता. विल्सबाईंनी त्या स्त्रिया काय खातात ते विचारलं, मोजलं. पुढे त्यांना दिसलं, की यीस्टचा स्वस्त अर्क दिला की या स्त्रियांचं रक्त सुधारतं. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला तो अनाम घटक म्हणजे आपलं फोलिक आम्ल. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून ते वेगळं काढलं गेलं आणि पानाच्या लॅटिन नावावरून त्याचं नाव पडलं. आज देशभरच्या शाळांत आठवड्यातून एकदा निळी गोळी देतात. तिच्यात लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल असतं. त्या गोळीत परळ-लालबागच्या अनाम बायकांचं ऋण आहे, हे गोळी वाटताना मुलींना सांगावं असं मला नेहमी वाटतं. रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीने मळमळतं, शौचाला काळी होते, मुली घाबरतात आणि ती बाकाखाली टाकतात. गोळीची गोष्ट सांगितली, ती जेवणानंतर दिली आणि शिक्षिकेने स्वतः मुलींसमोर घेतली, तर ती पोटात जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरं नाव कमलाबाई सोहोनींचं. त्या दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, अटी सोसून प्रवेश मिळवला आणि १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आल्या. इतकी मोठी जीवरसायनशास्त्रज्ञ परत येऊन कशावर काम करते? गरिबांच्या डाळींवर, तांदळाच्या पिठावर आणि नीरेवर. ताडी होण्याआधीच्या त्या गोड रसातल्या जीवनसत्त्वांचा आणि लोहाचा त्यांनी शोध घेतला आणि आदिवासी भागांतल्या कुपोषित किशोरवयीन मुलांना व गरोदर स्त्रियांना ती दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारते हे दाखवलं. त्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. एक भगिनी प्रयोगशाळेत अन्न तपासत होती आणि दुसरी लोकांच्या चुलीवरचं अन्न 'खमंग'सारख्या पुस्तकात लिहून ठेवत होती. पोषणाला या दोन्ही नजरा लागतात.

तिसरी गोष्ट पुण्याची. १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा अभ्यास केला. गरोदर होण्याआधी या स्त्रियांचं सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपलं बाळ हडकुळं दिसलं तरी त्याच्या अंगात चरबी जपलेली होती आणि उणीव होती ती स्नायूंची. पुढच्या मधुमेहाची बीजं त्या पाळण्यात सापडली. शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आयांचा आहार तपासला तेव्हा बाळाच्या वाढीशी उष्मांकांपेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा संबंध जास्त दिसला. पोट भरणं आणि पोषण होणं यांतलं अंतर याहून स्पष्ट कुणी दाखवलेलं नाही.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून याचीच परीक्षा घेतली गेली. 'सरस' या प्रकल्पात साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ दिला. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध होतं. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या. २०१४ साली निष्कर्ष आला. ज्यांनी गरोदरपणाच्या किमान तीन महिने आधीपासून पालेभाजीचा खाऊ खाल्ला, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी ४८ ग्रॅमनी वाढलं; पुढे प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात गरोदरपणातला मधुमेहही कमी दिसला. पण सगळ्यात बारीक असलेल्या स्त्रियांच्या बाळांत मात्र वजनाचा हा फरक दिसला नाही. हे वाक्य वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही. ज्यांना सर्वांत जास्त गरज होती, त्यांच्यापर्यंत मदत उशिरा पोचली होती. आपल्याकडे म्हणतात, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आड भरायचा काळ लग्नानंतरचा नव्हे, चौदाव्या वर्षाचा. पुण्याच्या संशोधकांनीही हे ओळखलं. त्यांच्या पहिल्या अभ्यासात जन्मलेलीच मुलं-मुली किशोरवयात आल्यावर २०१२ पासून त्यांना ब-१२ द्यायला सुरुवात झाली, म्हणजे पुढच्या पिढीची तयारी आधीच व्हावी.

इथे मला थांबून एक गोष्ट अगदी ठासून सांगायची आहे. हे सगळं संशोधन मी आदराने वाचते, तरी एका गोष्टीची मला बोच लागते. मुलीच्या पोषणाची बाजू मांडताना आपण सगळे लगेच म्हणतो, ती उद्याची आई आहे. ते खरं आहे. पण नववीतली ती मुलगी कुणाची आई म्हणून वर्गात बसलेली नसते. तिला उद्या बीजगणिताचा पेपर असतो. तिला कबड्डी खेळायची असते. तिला संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये तासभर उभं राहायचं बळ हवं असतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी किशोरवयीन मुलींना दहा आठवडे जस्ताची पूरक मात्रा दिली आणि २००९ साली निष्कर्ष मांडले: मुलींची स्मरणशक्ती व प्रतिसादाचा वेग सुधारला आणि जिभेची चवसुद्धा तल्लख झाली. दहा आठवडे! म्हणजे एका सहामाहीच्या आतलं काम. अन्नाने त्या मुलीचं आजचं आयुष्य उजळतं. तिचं लग्न होईल न होईल, तिला मूल होईल न होईल. तिच्या वाटचा माशाचा तुकडा त्यावर अवलंबून नसावा. ती भुकेली आहे, एवढं कारण पुरेसं आहे.

मग करायचं काय? तीन गोष्टी सांगते.

पहिली शाळेची. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी सरकारी प्राथमिक शाळांत शिजवलेलं जेवण देण्याचा आदेश दिला आणि पुढे ही योजना आठवीपर्यंत पोचली. सहावी ते आठवीच्या मुलांना रोज ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं तिचं माप आहे. देशातली ही फार मोठी गोष्ट आहे. पण ती आठवीला संपते. मुलगी चौदा वर्षांची होते, तिची गरज शिखरावर जाते, आणि शाळेच्या नव्या वर्षाच्या एका सकाळी तिला सांगितलं जातं की तुझं ताट आता नाही. मघाच्या मुलीचं 'दुपारी काही नाही' आठवा. तिच्या शाळेतच भात शिजत होता. त्याचा वास नववीच्या वर्गापर्यंत येत होता. तामिळनाडूने १९८४ पासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना जेवण दिलं आहे. जे तिथे चाळीस वर्षं चालतं, ते महाराष्ट्रात आणि बंगालमध्ये चालणार नाही असं कोण म्हणेल? हे ताट किमान दहावीपर्यंत, आणि माझ्या मते बारावीपर्यंत, गेलं पाहिजे. त्यात अंडं असावं. जी मुलगी अंडं खात नाही तिला दूध आणि फळ असावं. बंगालच्या कन्याश्रीसारख्या योजना मुलीला शाळेत टिकवतात, तिच्या खात्यात पैसे घालतात. त्याच हाताने तिच्या ताटातही घालावं.

दुसरी गोष्ट स्वयंपाकघराची; तिला पैसा कमी आणि समज जास्त लागते. जेवणावर लिंबू पिळलं, पेरू किंवा आवळा खाल्ला, तर क जीवनसत्त्वामुळे त्याच डाळ-भातातलं लोह कितीतरी जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा घेतला तर शोषण निम्म्याहून खाली येतं. म्हणून चहा जेवणापासून तासभर लांब. कडधान्य भिजवून मोड आणले तर लोहाला अडवणारा घटक कमी होतो. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तीळ, शेवग्याचा पाला, अंबाडी, माठ, हळिवाचे लाडू ही आपल्या आज्यांची औषधं. बाळंतिणीसाठी राखून ठेवलेला हळिवाचा लाडू चौदा वर्षांच्या मुलीला का नको? याच एस्प्लनेडला बाहेर पडलात तर फुटपाथवर सगळं उभं आहे: झालमुडीत भिजवलेले चणे आणि शेंगदाणे जरा जास्त घालायला सांगा, वाटाण्याच्या घुगनीची वाटी घ्या, उकडलेलं अंडं घ्या, बारुईपूरचा पेरू घ्या. चकचकीत पाकिटातल्या वेफर्सच्याच पैशांत यातलं काही ना काही येतं. मुलींना बाहेरचं खाऊ नका असं सांगितलं तर त्या ऐकत नाहीत, ऐकूही नये. काय खायचं ते सांगितलं तर ऐकतात.

तिसरी गोष्ट घरातल्या पंगतीची, आणि ती सर्वांत अवघड आहे. तिला पैसा लागत नाही, कायदा लागत नाही, म्हणूनच अवघड आहे. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावं. भांडी मध्ये ठेवावीत. माशाचा तुकडा, अंडं, दुधाची साय, भाजीतलं पनीर, जे मोजकं असेल त्याची वाटणी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर व्हावी. ही आईवर टाकायची जबाबदारी नाही. आई स्वतःच शेवटी जेवते, तिचं रक्तही उतरलेलं असतं. हे बापाने करायचं आहे. बापाने एकदा आपल्या ताटातला तुकडा उचलून लेकीच्या ताटात ठेवला आणि 'हे तुझं आहे' असं म्हटलं, तर दहा भाषणांचं काम होतं.

शेवटी पुन्हा बाईंकडे येते. वर्गातल्या त्यांच्या कपाटात पत्र्याचा एक डबा असे. त्यात भाजलेले चणे आणि गुळाचे खडे. ज्या मुलीला चक्कर येई, जिचं लक्ष नसे, तिला बाई मधल्या सुट्टीत बोलवत आणि मूठभर हातावर ठेवत. तो डबा महिन्यातून कितीदा भरावा लागतो, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मोजलं नाही. पण डबा रिकामा झाला हे मुली कधी सांगायच्या नाहीत. आपणच झाकण काढून बघायचं."

मुली सांगणार नाहीत. झोल मिळतो हेही त्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत. शाळेने, सरकारने आणि आपण प्रत्येकाने आपापल्या घरातलं झाकण स्वतः काढून बघायचं आहे. आज घरी पोचाल तेव्हा तुमची मुलगी, नात, भाची, किंवा तुमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींची नववीतली लेक समोर येईल. तिला विचारा, काय जेवलीस? आणि ती सांगेपर्यंत थांबा.

बाईंना माझा नमस्कार.